शंभरपैकी किती

बाबांना शंट, म्हणजे मेंदूत साठणारं जादा पाणी वाहून नेणारी नळी, बसवून तीन महिने झाले होते. परळच्या इस्पितळात ओपीडीबाहेर सकाळपासून बसून आम्हा तिघांचेही पाय आखडले होते, आणि आमचा नंबर लागला तेव्हा मोठे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले. त्यांच्या जागी एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती. डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं, समोर छापील फॉर्म. बाबांना खुर्चीतून उठवून, चालवून, वळवून, परत बसवून झालं. मग तिने पेन उचललं आणि विचारलं, "काका, एकंदर किती टक्के फरक वाटतो?" बाबांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ऐंशी." बाबा म्हणाले, "वीस." दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, तर मी पिशवीत रिपोर्टची फाईल शोधू लागले, जी माझ्या मांडीवरच होती. तिने क्षणभर विचार केला आणि रकान्यात ५० लिहून टाकलं.

त्या पन्नासाने मला पुढे बरेच दिवस छळलं. सायनच्या पुढे हायवेवर गाडी अडकली होती, आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, बाबा खिडकीतून पाइपलाइनचं खोदकाम बघत होते आणि मी मनात हिशेब करत होते की हा आकडा नक्की कुणाचा? आईचा नाही, बाबांचा नाही, माझा तर नाहीच. पण फाईलमध्ये तोच राहणार होता. उद्या कुणी ही फाईल उघडली तर बाबा अर्धे बरे झालेले दिसणार.

बाबा महापालिकेच्या जलअभियंता खात्यातून दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झाले. आमचं लहानपण कुठल्या विभागाला किती वाजता पाणी सुटतं, कुठला व्हॉल्व्ह जाम झालाय आणि कुठला चावीवाला आज आलाच नाही, याच्यावर गेलं. घरात प्रेशर हा शब्द रक्तदाबासाठी कधीच वापरला गेला नाही, तो पाण्यासाठी होता. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टने 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस' असं निदान सांगितलं तेव्हा आम्ही घाबरलो, आणि बाबा चिडले. "प्रेशर नॉर्मल आहे तर टाकी फुगली कशाला?" त्यांच्या मते हे निदानच नव्हतं, कुणा ज्युनियरने घाईत भरलेला रिपोर्ट होता. डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर मेंदूतल्या पोकळ्यांचं चित्र काढून समजावलं. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, तितकंच रक्तात परत शोषलं जातं, एका वेळी साठा असतो तो जेमतेम १५० मिलिलिटरचा. हे परत जाणं मंदावलं की पोकळ्या हळूहळू रुंदावतात आणि भोवतीच्या भागावर ताण येतो. सुईने मोजलं तर दाब मात्र ठीकच दिसतो.

पुढचं मी घरी येऊन वाचलं. हा आजार पहिल्यांदा ओळखला तो कोलंबियातल्या बोगोटा शहरात सालोमॉन हाकिम या न्यूरोसर्जनने. १९५७ मध्ये त्यांच्याकडे मोटारीच्या अपघातात डोक्याला मार लागलेला सोळा वर्षांचा मुलगा होता. पोकळ्या फुगलेल्या, दाब नॉर्मल. तपासणीसाठी थोडंसं पाणी काढलं, आणि जवळपास बेशुद्ध पडून असलेला तो मुलगा दुसऱ्या दिवशी बोलू लागला. दाब नॉर्मल असताना असं का व्हावं, याचं उत्तर हाकिमनी जलदाबाच्या नियमात शोधलं. एकूण बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पोकळी एकदा मोठी झाली की तिच्या भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे तोच साधा दाब आता जास्त जोराने रेटतो. १९६५ मध्ये बॉस्टनच्या अ‍ॅडम्स आणि फिशर यांच्याबरोबर त्यांचा लेख आला आणि जगाला हे दुखणं कळलं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हां. मग बरोबर आहे." त्या दिवसापासून त्यांनी आजार मान्य केला. आमच्या रडण्याने, समजावण्याने जे झालं नव्हतं ते एका सूत्राने झालं.

निदानाआधीची दोन-अडीच वर्षं मी फार सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना ती ठाऊक आहेत. आधी सगळे म्हणाले वय झालं, मग गुडघे झाले, मग पार्किन्सनच्या गोळ्या झाल्या, ज्यांनी काहीच फरक पडला नाही. पाय मात्र दिवसेंदिवस जमिनीला चिकटत गेले. पावलं लहान, पायांत अंतर जास्त, चवडे बाहेर वळलेले. उंबरठ्याशी आले की थांबायचे, जणू समोर पाण्याने भरलेला चर आहे. हात मात्र चालताना नीट हलायचे. नंतर कळलं की पार्किन्सनशी ताडून बघताना डॉक्टर या गोष्टीकडेही पाहतात. आम्ही रोज पाहत होतो, पण त्याचा अर्थ लावायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

मोजणं सुरू झालं ते स्कॅनपासून. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी. याला इव्हान्स इंडेक्स म्हणतात, १९४२ पासून वापरात आहे, आणि तो ०.३ च्या वर गेला की पोकळ्या फुगल्यात असं मानतात. बाबांनी फिल्म गॅलरीच्या काचेला धरून माझ्या मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने स्वतः मोजून पाहिलं आणि ०.३६ असं पेन्सिलने फिल्मच्या पाकिटावर लिहिलं. रिपोर्टमध्येही तेवढंच होतं. ते खूश झाले. आपल्याच मेंदूची फुगलेली पोकळी बरोबर मोजता आली म्हणून खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गंमत अशी की ऑपरेशननंतर याच आकड्याचा फार उपयोग नसतो. माणूस सुधारला तरी पोकळ्या पूर्वीसारख्या होतातच असं नाही, आणि चित्रात बारीक झाल्या म्हणून माणूस चालायला लागेलच असंही नाही. बाबांना हे अजिबात पटलं नाही.

मग टॅप टेस्ट. पाठीतून सुई घालून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढायचं आणि त्याआधी व नंतर चालणं मोजायचं. सुधारलं तर शंटचा उपयोग होण्याची आशा जास्त. नाही सुधारलं तर मात्र प्रश्न मिटत नाही, कारण या चाचणीत काही न दाखवणारी माणसंही पुढे शंटने सुधारतात. वॉर्डच्या लांब व्हरांड्यात फरशीवर चिकटपट्टीने दहा मीटरच्या खुणा केलेल्या होत्या आणि त्यांवरून ट्रॉल्या, नातेवाईक, चहावाला असं सगळं जात होतं. फिजिओथेरपिस्टच्या गळ्यात स्टॉपवॉच. आधी खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. त्यांच्या वयाच्या धडधाकट माणसाला याला दहाएक सेकंद पुरतात. बाबांना ३१ लागले. ती वळताना पावलं मोजत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या अर्ध्या वर्तुळात बाबांनी अकरा पावलं टाकली होती, तवा सरकवावा तसं स्वतःला थोडं थोडं सरकवत. मग पाणी काढलं. परीक्षानळ्यांत ते पाहून बाबा सिस्टरला म्हणाले, "भांडुपच्या प्लँटचं पाणीसुद्धा इतकं स्वच्छ नसतं हो." दुसऱ्या दिवशी सकाळी तोच व्हरांडा, तीच खुर्ची. २२ सेकंद, वळताना सहा पावलं. आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

मला त्या स्टॉपवॉचचा आधी राग यायचा. जन्मभर शहराला पाणी पाजलेला माणूस खुर्चीतून उठतो आणि कुणीतरी बटण दाबतं, यात मला काहीतरी अपमानास्पद वाटायचं. आता तसं वाटत नाही. घड्याळाला काही अपेक्षा नसतात. आम्हा सगळ्यांना होत्या. ऑपरेशन झाल्यावर पुण्याहून भाऊ आला, त्याने बाबांना जिन्यावरून उतरताना पाहिलं आणि ओरडलाच, "अरे, मिरॅकल!" रोज बरोबर असलेली आई त्याच आठवड्यात मला फोनवर सांगत होती की मला काही फरक दिसत नाही गं. दोघंही खरं बोलत होते. एकाच्या डोळ्यांत दिवाळीचे बाबा होते आणि दुसरीच्या डोळ्यांत कालचे. त्यात एवढा खर्च केलेला, शंटचा व्हॉल्व्ह प्रोग्रॅमेबल, म्हणजे बाहेरून बदलता येणारा, घ्यायचा की साधा यावर रात्री जागवलेल्या, दागिन्यांचा विषय एकदा निघून गेलेला. एवढं सगळं करून फरक नाही असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

सुधारणा खरी की नुसती आपल्या आशेतली, याच शंकेवर अमेरिका, कॅनडा आणि स्वीडनमध्ये अलीकडे एक धाडसी चाचणी झाली, २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ९९ रुग्णांना शंट बसवला, पण त्यांतल्या निम्म्यांचा व्हॉल्व्ह इतक्या वरच्या दाबावर ठेवला की पाणी वाहूच नये. कुणाचा उघडा आणि कुणाचा बंद हे रुग्णालाही माहीत नाही, चालणं मोजणाऱ्यालाही नाही. तीन महिन्यांनी उघडा व्हॉल्व्ह असलेल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला होता, बंद असलेल्यांचा ०.०३ ने. म्हणजे जवळजवळ नाहीच. नंतर त्यांचेही व्हॉल्व्ह उघडले. मी हे वाचलं आणि मला हायसं वाटलं, बाबांचं चालणं आमच्या आशेने सुधारलेलं नाही म्हणून. पण त्याच चाचणीत पुढे होतं की स्मरणशक्तीच्या आणि लघवीच्या मापांत तीन महिन्यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे मी घरी कुणाला वाचून दाखवलं नाही.

लघवीचं तर मोजायचं तरी कसं.

त्या दिवशी फॉर्ममध्ये तो प्रश्न होताच. "काका, लघवीवर कंट्रोल?" बाबा ताठ बसून म्हणाले, "काही प्रॉब्लेम नाही." आई छताच्या पंख्याकडे बघू लागली. मुलगी शेजारी, परकी तरुण डॉक्टर समोर, पडद्यापलीकडे दुसरा पेशंट, यात कुठला बाप हो म्हणेल? आमच्या मुलुंडच्या घरात या गोष्टीचं माप वेगळंच होतं. गॅलरीतल्या दोरीवर किती चादरी आहेत, मेणकापड आज उन्हात आहे की नाही. समोरच्या काकू काही विचारायच्या नाहीत, पण त्यांना सगळं कळत होतं. आईने मोजणी कधी बोलून दाखवली नाही. ती पहाटे उठून, कामवाली यायच्या आत सगळं धुऊन टाकायची. आता आठवड्यातून एखादी चादर असते, कधी तीही नसते. पण याला मूत्राशय सुधारलं म्हणावं की पाय? घाई लागल्यावर बिछान्यापासून संडासापर्यंतचं अंतर त्यांना पार करता यायचं नाही, आता येतं. बाबांच्या भाषेत सांगायचं तर गळती तेवढीच आहे, दुरुस्तीची गाडी लवकर पोचते. फॉर्मवर ही दोन वेगळी खाती आहेत, घरात ते एकच.

स्मरणशक्तीची चाचणी तीस गुणांची. आज कुठला वार, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा. बाबांना ऑपरेशनच्या आधीही २६ होते, नंतर २७. कागदावर बघितलं तर काही घडलंच नाही. पण आधी ९३ आणि ८६ यांच्या मध्ये इतका वेळ जायचा की मला वाटायचं ते प्रश्नच विसरले. उत्तर बरोबर यायचं, पण एखाद्या डोंगरावरच्या वस्तीला नळाचं पाणी यावं तसं, बाकी सगळ्यांचं भरून झाल्यावर. त्या तीस गुणांत उशिराचे गुण कापत नाहीत. आता ते आईचं वाक्य मध्येच तोडतात. आईला हे सुधारणेत धरावं की नाही ते कळत नाही.

या सगळ्याची बेरीज करणाऱ्या पट्ट्या जगात बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींशी फटकून वागतात. जपानी पट्टीत चालणं, बुद्धी आणि लघवी यांना प्रत्येकी ० ते ४, एकूण १२, आणि आकडा जितका मोठा तितकी अवस्था वाईट. स्वीडनमध्ये तयार झालेली पट्टी ० ते १०० ची, तिच्यात मोठा आकडा चांगला. तिच्यात तोल हा चौथा विषय आहे आणि चालण्याचे गुण दुप्पट धरतात. पाच गुण वाढले की सुधारणा मानतात. बऱ्याच ठिकाणी नुसती रँकिन स्केल वापरतात, जी मुळात १९५७ मध्ये ग्लासगोत पक्षाघातासाठी केलेली होती, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि आजच्या आवृत्तीत सहा म्हणजे मृत्यू. बाबा तीनवरून दोनवर आले. स्वतःचं स्वतः सगळं करतात, पण पूर्वीसारखं सगळं नाही. एवढंच ती पट्टी बोलते, आणि खोटं बोलत नाही.

मला त्यांतली स्वीडिश पट्टी आवडली, आणि ती गुणांमुळे नाही. तिच्यात शंभर म्हणजे काय ते आधी ठरवलेलं आहे. सत्तरीतला निरोगी माणूस जे करतो ते शंभर. पंचविशीतला नाही, सत्तरीतला. आमच्या घरात हेच ठरलेलं नव्हतं. आईचं शंभर म्हणजे रात्र सलग झोपून काढणं. ते तिला जवळपास मिळालं, म्हणून ऐंशी. बाबांचं शंभर म्हणजे मलबार हिलच्या जलाशयावर दिवसातून दोनदा वरखाली करणारा, रात्री दोनला लाइन फुटली म्हणून स्कूटर काढणारा इंजिनियर. त्या माणसाच्या मानाने वीससुद्धा त्यांनी सढळ हाताने दिले असं मला वाटतं. आणि मी फाईल का शोधत बसले? माझं शंभर म्हणजे रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपता येणं. ते डॉक्टरसमोर सांगण्यासारखं नव्हतं. दोन वेगळ्या शंभरांची सरासरी काढली की पन्नास येतात, गणित चुकलेलं नाही, फक्त बेरीज केली ते एकाच जातीचे आकडे नव्हते. त्या मुलीला मी दोष देत नाही. बाहेर साठ माणसं बसली होती.

घरी बाबांनी स्वतःची मोजणी सुरू केली आहे. पॅसेजमधल्या टाइल्स दोन फुटी, पाच टाइल्स म्हणजे तीन मीटर, त्याच्या पुढे त्यांनी खडूने रेघ मारली. आईने ती दोनदा पुसली, त्यांनी दोनदा मारली. वहीत तारीख, व्हॉल्व्हचं सेटिंग, सेकंद. सेटिंग डॉक्टर बाहेरूनच, कानामागे चुंबक धरून बदलतात, थोडं थोडं खाली आणतात. एकदम जास्त पाणी काढलं तर उभं राहिल्यावर डोकं दुखतं, कवटीखाली रक्त साठू शकतं. हे मात्र बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. "व्हॉल्व्ह कधी झटक्यात फिरवायचा नाही, लाइन फुटते," ते डॉक्टरांनाच म्हणाले. वहीतले आकडे १९, १७, १७, १५ असे उतरत गेलेत आणि मला त्यांवर पुरता विश्वास नाही. 'सुरू' म्हणायच्या आधीच ते खुर्चीच्या कडेला सरकून, पुढे झुकून, पाय मागे घेऊन तयार असतात. रोज तीच परीक्षा दिली की माणूस परीक्षेत हुशार होतो. शिवाय कुणी घड्याळ लावलं की ते वेगळेच चालतात, ताठ, ऑफिसात शिरल्यासारखे. मी त्यांना न सांगता मोजते, कुकर उतरवून आई "ताट घेतलंय" म्हणते तिथपासून ते टेबलाशी येईपर्यंत. तो वेळ कमी झालाय, पण वहीइतका नाही. बोलत बोलत आले तर अजूनही दाराशी पाऊल अडतं.

गेल्या आठवड्यात आईने नाशिकला मावशीकडे जायचं ठरवलं, चार दिवस, कितीतरी काळाने. संध्याकाळची पंचवटी, कल्याणहून. डबे भरून फ्रीजवर चिठ्ठ्या लावून झाल्या, मी रजा टाकली. तेव्हा बाबा म्हणाले, मी कल्याणपर्यंत सोडायला येतो.

"आणि परत कसे येणार?"

"लोकलने. उलट्या दिशेला गर्दी नसते त्या वेळी."

"काही नको. पूल आहेत, जिने आहेत, गाडी थांबते किती वेळ?"

"वीस सेकंद. पंधरात उठून, जाऊन, वळून, बसतो मी. वही बघ."

"वहीत धक्के देणारी माणसं असतात का?" आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "तू सांग गं यांना." बाबाही माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी मुलुंड ते ठाणे करून बघू, एक स्टेशन, मी बरोबर येते. आई म्हणाली, रविवारी मेगाब्लॉक असतो. बाबा म्हणाले, मग शनिवारी.